जुन्या बोट-इंजिनाला आधी पाणी पाजा

मे महिन्यातली दुपार. गच्चीवर लाकडी घोडीला अडकवलेलं, लिलावातून उचललेलं एक जुनं ओबीएम, म्हणजे बोटीचं इंजिन. आणि ‘फक्त आवाज तर ऐकू’ म्हणून मी ओढलेली दोरी. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं, अर्धा मिनिट चाललं आणि मी खूश होऊन ते बंद केलं. पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी खालचा भाग उघडला, तर पंपातल्या रबरी चक्राच्या सहापैकी चार पाकळ्या गायब. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, “काहून बे, कूलरचा पंप तरी सुका चालवतं का तू?”

नागपुरात हा प्रश्न लहान पोरालाही कळतो. ज्या गावात मार्च लागला की खिडकीत कूलर बसतो, तिथे पंप सुका चालला की काय होतं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तरी जुनं बोट-इंजिन हाती आलं की भलेभले आधी प्लग काढून ठिणगी बघतात. पाण्याची आठवण होते ती धूर निघाल्यावर. हा लेख त्याआधी वाचायचा आहे.

ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. पूरबचावाच्या बोटी चालवणारी मंडळी हाच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच वापरतो. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ साली आपलं असं इंजिन बाजारात आणलं, आणि तेव्हापासून या यंत्राची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही: वर इंजिन, मधे लांब पाय, खाली गिअर आणि पंखा. पाणी खालून वर चढतं आणि पुन्हा खाली येतं.

हे कूलरसारखं नाही, गाडीसारखंही नाही

कूलर हवा गार करतो तो पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेतं म्हणून. ओबीएममध्ये असं बाष्पीभवन होत नाही, होऊही नये. तिथे पाणी गरम धातूला चाटून जातं, उष्णता उचलतं आणि बाहेर पडतं. गाडीतही पाणीच असतं, पण तेच पाणी रेडिएटरमधून पुन्हा पुन्हा फिरतं. ओबीएमला रेडिएटर नाही, टाकी नाही, साठा नाही. ज्या तलावात ते उभं आहे तो तलावच त्याचा रेडिएटर. पाणी घेतलं, फिरवलं, टाकून दिलं. त्यामुळे पाणी थांबलं की सावरायला वेळच मिळत नाही. गाडीचा काटा निदान हळूहळू तरी चढतो.

किती पाणी लागतं, याचा ढोबळ हिशेब करून बघा. दहा हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात पंख्याला साधारण साडेसात किलोवॅट शक्ती देतं, आणि जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जाते असं धरू. घरातला दोन किलोवॅटचा गिझर आठवा. असे पावणेचार गिझर एकदम सुरू. पाणी तीस अंशांवर आत शिरून साठ अंशांवर बाहेर पडायचं असेल, तर मिनिटाला साडेतीन-चार लिटर लागतं. हे फार नाही, पण ते एक मिनिटही खंडता कामा नये.

खंडलं तर? जुनी ओबीएम बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला स्फोट. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात धावतो ती नळी लोखंडाची. तेवढ्याच गरमीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मधली फट संपते, तेलाचा थर फाटतो आणि पिस्टन नळीला चिकटतो. मेकॅनिक याला ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात.

पहिलं काम: तुमच्या इंजिनाला पंप आहे तरी का, ते ओळखा

वरचं झाकण काढा. सिलिंडरभोवती मोटरसायकलसारख्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स दिसल्या, तर इंजिन हवेवर थंड होणारं आहे. त्यातल्याही काहींमध्ये धुराची नळी गार ठेवायला खालून पाणी चढवलेलं असतं, म्हणून पाय तपासल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. सिलिंडर गुळगुळीत, जाड आणि बंदिस्त दिसला तर आत पाण्याचे मार्ग आहेत. मग पाणी वर कोण चढवतं ते शोधायचं. जुन्या इंजिनांत साधारण चार तऱ्हा सापडतात.

पहिली तऱ्हा दट्ट्याची. पंख्याच्या दांड्यावर मध्यापासून बाजूला सरकलेली एक चकती, ती फिरली की छोटा दट्ट्या वर-खाली होतो आणि पाणी ढकलतो. पाणी उलटं येऊ नये म्हणून बारीक गोळ्यांचे वॉल्व्ह. गावातल्या हातपंपाचं हे लहान भावंड समजा. यात बिघाड एकच, पण तो हमखास: वॉल्व्हच्या गोळीखाली वाळूचा कण अडकतो आणि दट्ट्या नुसताच हलत राहतो.

दुसरी तऱ्हा बघून नवखा हमखास गोंधळतो, कारण तिथे पंपच नाही. जॉन्सन कंपनीच्या १९२०-३० च्या दशकांतल्या बऱ्याच इंजिनांत पंख्याच्या मागे पाणी शिरायचं तोंड असतं. पंखा पाणी मागे फेकतो, त्यातलं काही जोराने त्या तोंडात घुसतं. पाणी बाहेर पडायची जागा पंख्याच्या पुढे, जिथे ओढ तयार होते. मागून ढकल, पुढून ओढ. पंखा फिरतो तोवर पाणी. हे इंजिन पंखा काढून ड्रममध्ये चालवलंत, तर पाण्यात उभं राहूनही ते तहानेने मरेल.

तिसरी ब्रिटिश सीगल कंपनीच्या इंजिनांची. यातला पंपाचा भोवरा भिंतीला न घासता पाणी भिरकावतो. तो पाण्याखालीच असल्याने त्याला आधी पाणी ओढून घ्यावं लागत नाही आणि गाळही बऱ्यापैकी पचतो. सुकं चालवलं तर पंप वाचेल, इंजिन मात्र तापेलच.

चौथी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंजिनांत सर्वांत जास्त दिसणारी, रबरी इम्पेलरची. पुढचं बरंचसं हिच्याबद्दलच आहे.

रबरी इम्पेलर कसा काम करतो

गिअरकेसच्या, म्हणजे पायाच्या टोकाच्या गिअरच्या पेटीच्या डोक्यावर एक डबी असते, आत रबरी पाकळ्यांचं चक्र. गंमत अशी की इंजिनाकडून खाली येणारा दांडा डबीच्या बरोबर मधून जात नाही, थोडा एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे एका बाजूला पाकळ्या दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना जागा वाढते, पाणी आत ओढलं जातं. दुमडताना जागा कमी होते, पाणी वर ढकललं जातं. हळू फिरताना हा पंप घोट घोट पाणी मोजून देतो. वेग वाढला की पाण्याचाच दाब पाकळ्यांना भिंतीपासून जरा आत वाकवतो आणि तो साध्या भिरकावणाऱ्या पंपासारखा वागू लागतो.

या रबराला वंगण म्हणून फक्त पाणी मिळतं. तेल नाही, ग्रीस नाही. सुकं चाललं की काही सेकंदांत घासून तापतं, पाकळ्यांच्या कडा जळतात आणि मग तुटतात. माझ्या गच्चीवर अर्ध्या मिनिटात जे झालं ते यामुळे.

न चालवतासुद्धा इम्पेलर खराब होतो. वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिला की दुमडलेल्या पाकळ्या तशाच वाकलेल्या राहतात, रबर कडक होतं. म्हणून ‘जुनं पण न वापरलेलं’ म्हणून मिळणाऱ्या सुट्या भागांवर माझा भरवसा नाही. तीस वर्षं पाकिटात पडलेलं रबर हे तीस वर्षांचंच रबर. आणि टायर कापून इम्पेलर कोरून देणारे हुशार हातही आपल्याकडे आहेत. त्यांच्या कौशल्याला नमस्कार, पण ते इतर कामांसाठी ठेवा. इंजिनावरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबराचा इम्पेलर मागवा.

दुसरं काम: खालचा भाग उघडणं

अमेरिकन इंजिनांना इंची पाने लागतात, ७/१६ आणि १/२ हे जास्त. ब्रिटिश सीगलला व्हिटवर्थ मापाचे. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि तिथेच घात करतो, बोल्टचे कोपरे गोल होतात. इतवारीत हार्डवेअरच्या गल्लीत विचारत फिरलात तर जुना इंची सेट मिळून जातो.

ॲल्युमिनियममध्ये रुतलेले स्क्रू जोर लावून काढू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, मग भोवतालचं ॲल्युमिनियम हलकं गरम करा आणि तेव्हा प्रयत्न करा. डोकं तुटलेला स्क्रू काढायला लागणाऱ्या अख्ख्या दिवसापुढे एक रात्र काहीच नाही. गिअर बदलणारं इंजिन असेल, तर पायात एक शिफ्ट रॉडचा जोड असतो. तो सोडल्याशिवाय गिअरकेस ओढू नका. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. ‘लक्षात राहील’ हे वाक्य मी पण म्हणालो होतो.

डबी उघडली की इम्पेलर निघेल, आणि त्याबरोबर दांड्यावरची इवलीशी चावी किंवा पिन. ती इम्पेलरला दांड्याबरोबर फिरवते. ती खाली पडली आणि नवी बसवायची राहिली, तर नवाकोरा इम्पेलर जागीच उभा राहील. खाली आधीच कापड पसरून ठेवा.

आता मोजा. जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या तुटलेल्या असतील, तर तुटलेला प्रत्येक तुकडा सापडलाच पाहिजे. माझ्या चारपैकी तीनच सापडले होते. चौथ्याचा नाद मी सोडला. नवा इम्पेलर बसवून खिंडसी तलावावर गेलो, पंधरा मिनिटं छान चाललं, मग हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, तापलं. तुकडा पाणी वर नेणाऱ्या तांब्याच्या नळीतून जाऊन ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या ठोकळ्याच्या तोंडाशी बुचासारखा बसला होता.

डबीच्या आतली भिंत आणि खालची पत्र्याची चकती बोटाने चाचपा. नखाला लागेल असे खोल ओरखडे असतील, तर तीही बदला, नाहीतर नवं रबर त्यावर महिन्याभरात झिजेल. पॅकिंग नवीनच टाका.

तिसरं काम: नवा इम्पेलर बसवणं

पाकळ्यांना भांडी घासायच्या साबणाचं पाणी किंवा मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन लावा. साधं ग्रीस नको, खनिज तेलाने रबर फुगू शकतं. बहुतेक इंजिनांचा दांडा वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. डबी वरून दाबताना दांडा त्याच दिशेने हळू फिरवत राहा, पाकळ्या आपोआप योग्य बाजूला दुमडतील. एकदा बसल्यावर उलटा फिरवू नका.

गिअरकेस परत चढवताना दोन गोष्टी जुळाव्या लागतात: दांड्याचे दाते वर इंजिनात, आणि तांब्याची पाण्याची नळी खाली डबीच्या रबरी कड्यात, म्हणजे ग्रोमेटमध्ये. ‘इम्पेलर नवा टाकला तरी पाणी येत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी इथे बघावं. नळी ग्रोमेटच्या बाजूला बसली की पंप इमानदारीने पाणी उपसतो आणि ते पायाच्या आतच सांडतं. टॉर्च लावा, घाई करू नका, दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. दांड्याच्या दात्यांना बाजूने थोडं ग्रीस लावा, माथ्यावर मात्र नको. तिथलं ग्रीस दांडा पूर्ण वर बसू देत नाही.

चौथं काम: वरचे मार्ग मोकळे करणं

पाण्याचा रस्ता असा आहे: पायातली जाळी, पंप, तांब्याची नळी, ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट असेल तर तो, आणि मग पुन्हा खाली पायात. तिथे ते गरम धुरात मिसळतं, धूर गार करतं, आवाज कमी करतं आणि बाहेर पडतं.

आपल्या भागात हा रस्ता दोन गोष्टींनी बुजतो. एक क्षार. बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवतावर जो पांढरा थर चढतो तोच इंजिनात, फक्त दिसत नाही. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्याने इंजिन धुतलं असेल, तर हेड उघडल्यावर खडूच सापडतो. पांढरं व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं सायट्रिक ॲसिड थोडा वेळ ठेवा, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड कूलरच्या टाकीत ओतायची सवय असेल तर ती इथे विसरा, ते ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

दुसरी कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी. कोठीत पडलेल्या इंजिनाचं प्रत्येक छिद्र म्हणजे तिला आयतं घर. पाणी बाहेर पडायची भोकं, जाळी, छोट्या नळ्या, सगळीकडे मातीचे कप्पे. पातळ तारेने उकरून काढा. कठीण नाही, पण आठवणीने करायचं.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा भांडायचं आहे. “नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कायले पाहिजे, काढून फेका” हा सल्ला तुम्हाला मिळेल. फेकू नका. त्याचं काम इंजिन गार करणं नाही, योग्य गरमीला पोचेपर्यंत पाणी अडवणं आहे. मे महिन्यातही तलावाचं पाणी हाताला कोमट लागतं, साठ अंश नसतं. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन गारठलेलं चालतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे होतात, मंद वेगाला बंद पडतं. फेकण्याऐवजी तपासा. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, भांड्याला टेकू देऊ नका, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. पुष्कळ जुन्या इंजिनांचा थर्मोस्टॅट ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो. पाणी उकळलं तरी बंदच असेल, तर तो मेला. पातेलं मात्र घरच्यांना विचारून घ्या.

पाचवं काम: ड्रममध्ये पहिली चाचणी

दोनशे लिटरचा ड्रम, शक्यतो सावलीत. मेच्या उन्हात तापलेल्या ड्रममधलं पाणी सुरुवातीलाच गरम असतं. पाण्याची पातळी पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याच्या किमान चार-सहा इंच वर ठेवा. पंप त्या पत्र्याच्या जवळपास असतो आणि इंजिन सुरू झाल्यावर पाणी उसळून पातळी खाली जाते. मंद वेगालाच चालवा, पाचेक मिनिटं. ड्रममध्ये धुराचे बुडबुडे पाण्यात मिसळतात आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो. पाणीही तापत जातं. पूर्ण जोराची चाचणी तलावातच. पंप नसलेल्या, पंख्यावर चालणाऱ्या इंजिनाचीही खरी परीक्षा तिथेच.

दोन मिनिटांत पाणी दिसलं पाहिजे. नव्या इंजिनांना बाजूने बारीक धार सोडणारं भोक असतं. जुन्यांपैकी अनेकांना ते नसतंच, आणि नवखा घाबरून इंजिन उगाच उघडतो. अशा इंजिनात पायाच्या मागच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार येतात. तिथे हात धरा. ओला झाला की पाणी वर जाऊन आलं आहे.

मग हेडला हात लावा. गरम लागेल, पण दोन-तीन सेकंद टेकवता आला पाहिजे. हात लगेच मागे आला तर पाण्याचा एक थेंब टाका. तो चर्रकन उडाला तर ताबडतोब बंद. तापमान बघायची बंदूक असेल तर उत्तम, फक्त ती कारखान्यातली असावी. करोनाच्या काळात कपाळाला धरत होतो ती चालत नाही, ती ताप मोजण्यापुरतीच असते.

तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतू नका. ब्लॉक तडकू शकतो. झाकण उघडून तसंच राहू द्या. गार झाल्यावर वरचं चाक हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं तर नशीब थोर.

पाणी नीट येतंय आणि तरी तापतंय? मग पंपाला शिव्या देणं थांबवा आणि इंधन बघा. पेट्रोलमध्ये तेल कमी असेल, किंवा कार्बोरेटर बुजून पेट्रोल कमी पोचत असेल, तरी इंजिन तापतं. जुन्या इंजिनांना आजच्या टू-स्ट्रोकपेक्षा बरंच जास्त तेल लागतं. नेमकं प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या, स्कूटरच्या आठवणीतून नको.

तलावावर

तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते बघून आधी परवानगी घ्या, मग इंजिन न्या. शहरातल्या पाण्यात तीन शत्रू: जलपर्णी, प्लास्टिकची पिशवी आणि विसर्जनाचे दोरे-कापड. अंबाझरी तलावावर जलपर्णीचे गालिचे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. पिशवी पायाला गुंडाळली की जाळी बंद आणि पाणी बंद. दर काही मिनिटांनी मागे वळून तुषार बघायची सवय लावा. आवाज अचानक जड झाला, वेग आपोआप उतरला, तर थ्रॉटल वाढवू नका. बंद करा, इंजिन वर उचला, जाळी हाताने साफ करा. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात पंखा गाळ ढवळतो आणि पंप तोच गाळ पितो, म्हणून निघताना आणि परतताना वल्ही मारा.

परत आणल्यावर

आपल्याकडे समुद्राचं खारं पाणी नाही, हे मोठं सुख. तरी गाळ असतो, म्हणून ड्रममध्ये नळाच्या पाण्यात पाच मिनिटं चालवा. मग इंजिन उभंच ठेवा, सगळं पाणी निथळू द्या. आडवं ठेवायची वेळ आली तर पंखा इंजिनापेक्षा वर जाऊ देऊ नका, पायात उरलेलं पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरतं. अमेरिकन पुस्तिकांत पाणी गोठून ब्लॉक फुटण्यावर पानंच्या पानं असतात. ती खुशाल उलटून टाका. त्याऐवजी सगळ्या भोकांवर जाळीचं कापड बांधा, कुंभारीण वाट बघत असते.

इम्पेलर दोन-तीन वर्षांनी बदला, इंजिन कमी चाललं असलं तरी. पायाच्या आतल्या बाजूला पेंटने तारीख लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर ज्याच्या हाती हे इंजिन जाईल त्याला डबी उघडण्याआधीच कळेल की आतलं रबर कधीचं आहे.